दर्यावरच्या इंजिनाचे दुखणे

कोल्हापूरला समुद्र नाही. तरीही समुद्रावर चालणाऱ्या इंजिनाची गोष्ट आपण कोल्हापुरातूनच सुरू करणार आहोत. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या गल्लीत शिरून पाहा. कुठे लेथ फिरत असते, कुठे सिलिंडरचे बोअरिंग चाललेले असते, तर कुठे ओतीव लोखंडाच्या सुट्या भागांची रास पडलेली असते. पंचगंगेकाठच्या उसाला पाणी पाजणारी ऑईल इंजिने बनवता बनवता आणि दुरुस्त करता करता हे शहर यंत्रविद्या शिकले. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी तिचा पाया घातला. विहिरीवरचे इंजिन काय आणि नौकेतले इंजिन काय, दोघांची जात एकच, डिझेलची. नौकेतल्या इंजिनाला मात्र दोन गोष्टी जास्तीच्या असतात : खारे पाणी आणि पुष्कळदा सुपरचार्जर.

समजा, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका मासेमारी नौकेचे सहा सिलिंडरचे इंजिन भर समुद्रात जाम झाले. दुसऱ्या नौकेने ती ओढत किनाऱ्याला आणली. इंजिन थंड झाल्यावर पुन्हा फिरू लागले, पण जोर नाही. हंगाम ऐन भरात आहे. नौका उभी राहिली, की खलाशांच्या घरची चूलही थंडावते. आंबा घाट चढून इंजिन कोल्हापूरला आले. आता तुम्हीच मेस्त्री आहात. काय कराल?

भाता लावलेले इंजिन

आधी इंजिन समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. त्यामुळे ती ५०० अंश सेल्सियसहून अधिक तापते. त्या हवेत डिझेलचा फवारा सोडला, की तो आपोआप पेटतो. १ किलो डिझेल पुरते जळण्यासाठी सुमारे १४.५ किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात त्याहूनही बरीच जास्त द्यावी लागते. म्हणजे जास्त शक्ती हवी असेल, तर नुसते डिझेल वाढवून भागत नाही, हवाही वाढवावी लागते.

लोहार काय करतो? भाता मारतो. सुपरचार्जर हा इंजिनाचा भाताच होय. तो इंजिनाच्याच दंतचक्रांवर किंवा पट्ट्यावर फिरतो आणि हवा सिलिंडरात कोंबतो. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० साली अशा एका हवायंत्राचे पेटंट घेतले होते. पुढे १९०५ मध्ये आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावरच हे चक्र फिरवण्याची कल्पना मांडली. तोच आजचा टर्बोचार्जर.

पण फुकट काहीच मिळत नाही. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर ती सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे भात्याचा निम्मा फायदा वाया जातो. म्हणून ती सिलिंडरात जाण्यापूर्वी नळ्यांच्या शीतकातून नेतात. नौकेत या नळ्यांतून समुद्राचे पाणी खेळते. बहुतेक इंजिनांत तेच पाणी पुढे दुसऱ्या शीतकात जाते आणि इंजिनाभोवती फिरणारे गोडे पाणी थंड करते. खारे पाणी थेट इंजिनात घेतले, तर लोखंड गंजते आणि नळ्यांत क्षार साचतात. म्हणून ही दुहेरी सोय.

नाडीपरीक्षा

अडाणी माणूस आधी पाना हातात घेतो. जाणता मेस्त्री आधी प्रश्न विचारतो. बंद पडण्यापूर्वी काय झाले? तांडेल सांगतो, “धूर काळा झाला, जोर कमी झाला, मग कर्रकर्र आवाज आला.” तापमापकाचा काटा? “तो महिनाभर हलतच नव्हता.”

धुराच्या रंगातून पुष्कळ कळते. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल अर्धवट जळते आहे. निळसर धूर म्हणजे वंगण जळते आहे. पांढरा धूर म्हणजे पाण्याची वाफ किंवा न पेटलेले डिझेल. वंगणतेल दुधाळ कॉफीसारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. आपल्या इंजिनात तेल काळे आहे, पण दुधाळ नाही.

आता एक सोपी आणि फार सुंदर चाचणी. एकेका सिलिंडरचा दट्ट्या दोन्ही झडपा बंद असतील अशा तऱ्हेने वर आणायचा, इंजिन फिरू नये म्हणून धरून ठेवायचे, आत दाबाखालची हवा सोडायची आणि कान द्यायचा. धुराच्या नळीतून फुसफुस ऐकू आली, तर बाहेरची झडप गळते. हवेच्या नळीतून आली, तर आतली झडप गळते. पाण्यात बुडबुडे आले, तर हेडखालचे गॅस्केट गेले. तेल ओतण्याच्या तोंडातून आली, तर दट्ट्याच्या रिंगा किंवा लायनर गेले. आपल्या इंजिनात सहाव्या सिलिंडरला तेलाच्या तोंडातून जोराची फुसफुस येते, पाचव्याला कमी, चौथ्याला किंचित. पहिले तीन ठीक आहेत.

एक आजारी की सगळे?

इथे थांबून विचार करा. एकच सिलिंडर बिघडला असता, तर संशय त्याच्या स्वतःच्या भागांवर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या त्याच्या इंजेक्टरवर गेला असता. पण येथे बिघाड ओळीने वाढत गेला आहे. तेव्हा कारण सर्वांना सामायिक असले पाहिजे. या इंजिनात गोडे पाणी पहिल्या सिलिंडरकडून शिरते आणि तापत तापत सहाव्यापर्यंत पोचते. म्हणजे सर्वांत जास्त झळ सहाव्याला!

हेड उघडल्यावर साक्ष मिळते. सहाव्या लायनरवर चहूबाजूंनी उभे ओरखडे आहेत. ते एकाच बाजूला असते, तर वंगण कमी पडले किंवा कनेक्टिंग रॉड वाकला असे म्हणता आले असते. चहूबाजूंनी ओरखडे म्हणजे ॲल्युमिनियमचा दट्ट्या तापून लायनरपेक्षा जास्त फुगला आणि आत अडकला.

पण इंजिन तापले का? खाऱ्या पाण्याचा पंप उघडा. त्यातल्या रबरी चक्राची तीन पाती तुटलेली आहेत. तुटलेले तुकडे गेले कुठे? ते हवेच्या शीतकाच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकलेले सापडतात. पाणी कमी झाले, म्हणून हवाही थंड होईना आणि इंजिनही. विरळ हवेमुळे काळा धूर, कमी पाण्यामुळे जाम दट्ट्या. सारे धागे जुळले.

आता कल्पना करा, मेस्त्रीने घाईने नवा दट्ट्या आणि लायनर घालून इंजिन परत पाठवले असते तर? थोड्याच दिवसांत ते पुन्हा जाम झाले असते, कदाचित वादळात. तुटलेला भाग हे दुखण्याचे लक्षण असते, कारण नव्हे.

पुन्हा उभारणी

आता मोजमाप. लायनर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाशी. तिथे वरची रिंग क्षणभर थांबून दिशा बदलते, उष्णता सर्वांत जास्त असते आणि तेलाचा पापुद्रा टिकत नाही. म्हणून व्यास वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा दोन्ही दिशांनी मोजतात. क्रँकशाफ्ट झिजली असेल, तर ती पाव मिलिमीटरच्या टप्प्याने घासून तेवढे जाड बेअरिंग घालतात. तडा शोधण्याची जुनी युक्ती ऐका : भाग रॉकेलने भिजवून पुसायचा आणि वर खडूची पूड लावायची. तड्यात मुरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि खडूवर काळसर रेघ उमटते.

नव्या रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवतात. किती? गणित करू. १०० मि.मी. व्यासाच्या रिंगेचा परीघ सुमारे ३१४ मि.मी. ओतीव लोखंड दर अंशाला लांबीच्या सुमारे ०.००००११ पट वाढते. रिंग लायनरपेक्षा १०० अंशांनी अधिक तापली, तर वाढ ३१४ × ०.००००११ × १०० = सुमारे ०.३५ मि.मी. एवढी फट ठेवली नाही, तर टोके एकमेकांवर आदळतील आणि रिंग मोडेल. सुपरचार्जरच्या इंजिनात उष्णता जास्त, म्हणून फटही थोडी जास्त.

हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि ठरावीक जोरानेच आवळतात. सुपरचार्जरचे फिरते भाग एकमेकांना घासत नाहीत ना, हे तपासतात. पाण्याच्या सगळ्या नळ्या साफ करतात आणि रबरी चक्र नवे बसवतात. आणि हो, तापमापकही! दहा वस्तूंपैकी सर्वांत स्वस्त वस्तू तीच, पण ती चालू असती, तर हे दुखणे बंदरातच कळले असते.

शेवटी एक प्रयोग. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दहा-बारा वेळा जोराने दांडा दाबा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. सुपरचार्जरला शीतक का लागतो, ते तुमचा हातच तुम्हाला सांगेल.