तिकडचा लॅपटॉप खरंच स्वस्त पडतो का?

बारामती-नीरा रस्त्यावरच्या वडगाव निंबाळकरमध्येही आता कुणाचा भाचा अमेरिकेत असतो, कुणाचे दाजी दुबईत. पोरगं इंजिनिअरिंगला लागलं की तिकडं निरोप जातो, ‘येताना लॅपटॉप आण, तिथं स्वस्त मिळतो.’

हिशेब करून बघा. अमेरिकेतल्या दुकानात लावलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, आपल्या एमआरपीत जीएसटी धरलेला असतो. लॅपटॉप १,००० डॉलरचा आणि डॉलर ९० रुपयांचा धरला, तर ९० हजार झाले. कॅलिफोर्नियात किमान ७.२५ टक्के कर, म्हणजे ९६,५२५. इथलं कार्ड वापरलं आणि बँकेनं परकीय चलनासाठी साडेतीन टक्के घेतले, की आकडा लाखाला टेकतो. ओरेगॉन किंवा डेलावेअरमध्ये विक्रीकरच नाही, दुबईत व्हॅट ५ टक्के. तेव्हा कुठल्या देशातून यापेक्षा कुठल्या गावातून, हे आधी विचारावं. तुलना करायची ती या शेवटच्या आकड्याची, तीही बारामतीत दिवाळीच्या सवलतीत मिळणाऱ्या तंतोतंत त्याच प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीच्या मॉडेलशी.

‘कस्टमवाले अडवतात’ ही भीती मात्र सोडून द्या. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला सामानासोबत एक लॅपटॉप शुल्क न भरता आणता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनं लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले, तेव्हाही प्रवाशाच्या सामानातल्या लॅपटॉपला ते लागू नव्हते. दुसऱ्या लॅपटॉपला आणि कुरिअरनं मागवलेल्याला शुल्काची ही सूट नाही.

‘तिकडचा चार्जर इथं जळतो’ असंही ऐकू येतं. चार्जरवर ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ’ छापलेलं असेल, आणि बहुतेकांवर ते असतंच, तर आपल्या २३० व्होल्टवर तो बिनघोर चालतो. फक्त भिंतीत जाणारी वायर बदलायची.

खरा घोळ वॉरंटीचा. मोठी कंपनी म्हणजे जगभर वॉरंटी, हे सरसकट खरं नाही. एकाच कंपनीच्या व्यावसायिक मॉडेलला ती असते, घरगुती मॉडेलला नसते. कुठं लॅपटॉपचा देश बदलल्याची नोंद करावी लागते, तर कुठं ते मॉडेल भारतात विकलंच जात नाही, मग मदरबोर्ड येणार कुठून? म्हणून पैसे देण्याआधी नेमका मॉडेल क्रमांक सांगून भारतातल्या सेवा केंद्राला विचारावं, उत्तर लेखी घ्यावं आणि बिल जपून ठेवावं. जिथं हे उत्तर मिळत नाही, तिथं दहा-बारा हजारांच्या बचतीसाठी मी तरी पोराची परीक्षा पणाला लावणार नाही.

कीबोर्डही बघून घ्या. अमेरिकेचा आपल्यासारखाच असतो. जर्मनीच्या कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते. मराठी टायपिंग मात्र कुठल्याही देशातल्या विंडोजवर सुरू करता येतं.

दुकान किंवा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल, तर गणितच बदलतं. धंद्यासाठी इथं घेतलेल्या लॅपटॉपवरच्या १८ टक्के जीएसटीची वजावट नियमानुसार मिळते. दाजींनी दुबईत भरलेल्या व्हॅटची इथं मिळत नाही.