हरणाला माणूस दिसण्याआधी त्याचा वास कसा येतो? वारा, पीक आणि शिकारीचा कायदा

लातूर किंवा नांदेडकडच्या शेतकऱ्याला विचारा, सोयाबीन नुकतं उगवलं की सगळ्यात जास्त धास्ती कशाची? पावसाच्या खंडाची तर असतेच, पण त्यासोबत हरणांच्या कळपाचीही असते. कोवळे शेंडे एका रात्रीत खुडले जातात. मग बांधावर कुणी न्हाव्याच्या दुकानातले केस टाकतं, कुणी उग्र वासाचं औषध फडक्यात बांधून लटकवतं. कधी उपयोग होतो, कधी होत नाही. असं का होतं, हे समजायला आधी हरणाचं नाक आणि वारा यांचं नातं समजून घेऊ.

आपण ज्याला हरीण म्हणतो ते नेमकं कोण?

मराठवाड्याच्या माळरानावर दिसतात ते काळवीट आणि चिंकारा. बोलताना आपण त्यांना हरीण म्हणत असलो तरी ते कुरंग गटातले. त्यांची शिंगं आयुष्यभर टिकतात. चितळ आणि सांबर हे सारंग गटातले, म्हणजे खरी हरणं. त्यांच्यात फक्त नराला शिंगं असतात, ती गळतात आणि पुन्हा उगवतात. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला, पैनगंगा अभयारण्याच्या परिसरात जंगल आहे. लातूरमध्ये मात्र जंगल अगदी नावापुरतं, त्यामुळे तिथले कळप गायरान, पडीक जमीन आणि शेतांवरच जगतात.

नाक काम कसं करतं?

माणसाच्या अंगाचा, घामाचा, कपड्यांचा वास सूक्ष्म कणांच्या रूपात हवेत मिसळत असतो. हे कण स्वतःहून फार लांब जात नाहीत, त्यांना वारा नेतो. हरणाच्या ओलसर नाकावर ते चिकटतात आणि आतल्या लाखो पेशी ते ओळखतात. म्हणून हरीण मान वर करून, वाऱ्याकडे तोंड करून थांबलं, तर ते बहुतेक वेळा हवा 'वाचत' असतं.

वाऱ्याचा प्रवास तुमच्याकडून हरणाकडे असेल, तर झुडपामागे लपूनही फायदा नाही. तो हरणाकडून तुमच्याकडे येत असेल, तर तुम्ही बरेच जवळ जाऊ शकता. वाघ-बिबट्यांपासून बचावाचं चितळाचं हे मोठं शस्त्र. चितळ आणि वानरं अनेकदा सोबत दिसतात, त्याचं एक कारण हेच. वानर झाडावरून लांबचं पाहतं, चितळ खाली वास घेतं. एकाने इशारा दिला की दुसरा सावध होतो.

काळविटाचं थोडं वेगळं आहे. मोकळ्या माळावर राहत असल्याने त्याची पहिली भिस्त डोळ्यांवर आणि वेगावर. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार व्हायची, तेव्हा चित्त्याला बैलगाडीतून जवळ नेत. बैलगाडी कळपाच्या रोजच्या पाहण्यातली असल्याने तो बिचकत नसे.

वेळ बदलली की वाराही बदलतो

दिवसा जमीन तापते, हवा वर चढते आणि वासही वर जाऊन विरतो. रात्री गार हवा जड होऊन उताराने ओढ्या-नाल्याकडे घसरते, वास तिच्यासोबत खाली जातो. दमट हवेत तो जास्त वेळ टिकतो, तर कडक उन्हात लवकर पांगतो.

ऋतूचंही तसंच. मराठवाड्यात पावसाळ्यात वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो आणि हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून. म्हणजे खरिपात बांधावर टांगलेला वास शेताच्या पूर्वेकडून येणाऱ्या कळपाला आधीच कळतो, पण पश्चिमेकडून येणारा कळप बांधापाशी पोहोचेपर्यंत बेसावध असतो. हरभऱ्याच्या दिवसांत हेच गणित उलटं होतं. 'मागच्या हंगामात चाललं, यंदा का नाही?' याचं एक उत्तर इथे आहे.

दुसरं कारण सवय. रोज तोच वास येतो आणि धोका मात्र कधीच येत नाही, हे कळपाच्या लक्षात येतं. म्हणून वासाची वस्तू आणि तिची जागा बदलत राहणं, सोबत राखण करणं किंवा कुंपण घालणं, हे सगळं मिळूनच फरक पडतो.

एक सावधगिरी: काही जण यासाठी गावाकडे 'थिमेट' म्हणून ओळखलं जाणारं फोरेट वापरतात. हे अत्यंत विषारी असून 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्यावर बंदी आहे. घरातली लेकरं आणि जनावरं त्याच बांधावर फिरतात, हे विसरू नका.

मग शिकार केली तर?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान 3 ते कमाल 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड होऊ शकतो. चितळाची शिकारही गुन्हाच आहे.

इथे रील बनवणाऱ्यांनी नीट वाचावं. कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. पाठलाग करणं, हाकारा घालणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं त्या व्याख्येत येतं. दुचाकीवरून कळपामागे धावत केलेला व्हिडिओ तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकतो. कुंपणात वीज सोडणं तर हरणाइतकंच माणसाच्याही जिवावर बेततं.

नुकसान झालं तर काय करायचं?

हरणांनी पीक खाल्लं तर राज्य सरकारकडून भरपाई मिळते. त्यासाठी 3 दिवसांच्या आत वन विभागाकडे तक्रार करावी लागते आणि मग पंचनामा होतो. तोवर नुकसानीचे फोटो काढून ठेवा आणि सातबारा हाताशी ठेवा. जखमी हरीण दिसलं किंवा शिकारीचा संशय आला, तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि पुढच्या वेळी बांधावर वासाचं काही टांगण्याआधी मूठभर माती हवेत उडवून बघा. ती ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूच्या हरणांना तुमचा निरोप पोहोचणार आहे.