लोकलफंड : एका आण्यांतील शाळेचा वाटा

जुन्या घराण्यांतील रुमाल सोडतांना पेशवाईचा कागद तेवढा जपावयाचा व इंग्रजी अमलांतील सारापावत्या रद्दींत टाकावयाच्या, असा प्रघात दिसतो. परंतु या पावत्यांत साऱ्याखालीं ‘लोकलफंड’ म्हणून जी लहानशी रक्कम आढळते, तींत मुंबई इलाख्यांतील खेड्यांच्या शाळांचा इतिहास सांठविलेला आहे. तिचा उलगडा आम्ही येथें करितों.

पेशवाईंत विद्येस राजाश्रय मिळे तो मुख्यत्वें श्रावणमासच्या दक्षिणेच्या रूपानें, व तोही विद्वान् ब्राह्मणांपुरता. गांवच्या पंतोजीची शाळा पालकांच्या देण्यावर चाले. पुढें बोर्ड ऑफ एज्युकेशननें (१८४०–१८५५) आपल्या अखेरच्या वर्षांत असा नियम केला कीं, गांवकऱ्यांनीं शिक्षकाचा निम्मा पगार व शाळेस जागा द्यावी, म्हणजे बाकीचा निम्मा पगार सरकारांतून मिळेल. पण स्वखुषीची वर्गणी ती. पीक बुडालें कीं आटावयाचीच.

म्हणून १८६३ पासून साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा पट्टी घेण्यास आरंभ झाला व १८६९ च्या तिसऱ्या कायद्यानें ती कायम झाली. तिचा एकतृतीयांश शाळांकडे व दोनतृतीयांश रस्ते वगैरे कामांकडे जाई. उदाहरणार्थ, ज्या कुळाचा सारा ४८ रुपये, त्याचा लोकलफंड ४८ आणे, म्हणजे ३ रुपये. पैकीं शाळेचा रुपया एक. याचनेच्या जागीं हक्काचें उत्पन्न आलें, ही सुधारणा लहान नव्हे.

तथापि पट्टी शेतावर आणि शाळा मात्र पुष्कळदां कसब्यांत, असा विपर्यास झाला. पट्टी न देणाऱ्या शहरवासीयांचीं मुलेंही या पैशावर शिकत. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येत असतां उच्च शिक्षणावर सढळ खर्च होतो व बहुजनांचें शिक्षण उपेक्षित राहतें, असें जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट मांडिलें. खेड्यांचा शाळानिधि शहरांच्या निधीहून वेगळा राखावा, अशी शिफारस त्या कमिशननेंही केली. १८८४ सालीं लोकलबोर्डांचा व म्युनिसिपालिट्यांचा असे दोन कायदे झाले.

सारांश, पट्टी कोणीं दिली व शाळा कोणास मिळाली, हा प्रश्न गांवोगांव निराळा सोडवावा लागेल. त्यास पावतीपुस्तक व शाळेचें हजेरीपत्रक शेजारीं ठेवून पाहिलें पाहिजे. संग्राहकांनीं दोन्ही राखावीं, एवढीच आमची विनंति.