सहलीची शीतपेटी झाली बिअरची भट्टी!

सहलीला निघताना सरबताच्या बाटल्या आणि बर्फ भरून नेण्याची प्लॅस्टिकची पेटी, म्हणजेच ‘कूल बॉक्स’, आपल्यालाही अपरिचित नाही. ब्रिटनमध्ये मात्र ही पेटी वर्षातील बहुतांश दिवस गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते. तेथील हौशी मंडळींनी तिला एक नवेच काम शोधून दिले आहे. बर्फ वितळू नये म्हणून बनविलेल्या या पेटीत ते कढत पाणी भरतात आणि घरच्या घरी बिअर तयार करण्याच्या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक टप्पा तिच्यात पार पाडतात.

वरकरणी हा विरोधाभास वाटेल. पण उष्णतारोधक पेटी थंडी निर्माण करीत नाही, ती केवळ उष्णतेची ये-जा रोखते. बाहेरची उष्णता आत येऊ न देणारी भिंत आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. गरम पोळ्यांचा डबा आणि कोळणीची बर्फाची पेटी यांच्यामागील विज्ञान एकच आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टन यांच्या १८८० च्या कायद्यानुसार घरी बिअर बनविण्यासाठीही परवाना लागत असे. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ च्या अर्थसंकल्पात ही अट रद्द केली. तेव्हापासून स्वतःच्या घरी पिण्यासाठी बिअर बनविणे तेथे कायदेशीर आहे. विक्री मात्र परवाना आणि कराशिवाय करता येत नाही. डेव्ह लाइन यांचे ‘द बिग बुक ऑफ ब्रूइंग’ हे पुस्तक १९७४ मध्ये आले आणि तयार अर्काच्या डब्याऐवजी थेट धान्यापासून बिअर बनविण्याचा छंद सामान्य घरांत पोहोचण्यास मोठी मदत झाली.

महाराष्ट्रातील वाचकांनी येथेच सावध व्हावे. १९४९ चा दारूबंदी अधिनियम आपल्या राज्यात लागू आहे आणि परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. बिअरही त्यास अपवाद नाही. त्यामुळे पुढील माहिती येथील वाचकांनी एका छंदामागचे विज्ञान म्हणूनच वाचावी. ज्यांचे आप्त परवानगी असलेल्या देशांत राहतात, त्यांना ती प्रत्यक्ष उपयोगी पडेल.

एका तासाचा खेळ

आपल्याकडे नाचणीला मोड आणून, ती वाळवून सत्त्व करतात. बिअरचे मॉल्टही याच रीतीने होते. फक्त धान्य बार्लीचे, म्हणजे सातूचे असते. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, ती पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. भरडलेले मॉल्ट गरम पाण्यात कालवून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानात तासभर ठेवले, की हे रूपांतर घडते. या क्रियेला ‘मॅशिंग’ म्हणतात. तयार झालेल्या गोड द्रावाला ‘वर्ट’ असे नाव आहे. पुढे तो हॉपच्या फुलांसह उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालून आंबवितात.

या तासात तापमानाला असाधारण महत्त्व असते. ६३-६४ अंशांवर एक विकर अधिक जोमाने काम करते आणि यीस्टला सहज पचणारी साखर जास्त मिळते. परिणामी बिअर हलकी, कोरडी होते. ६८-६९ अंशांवर दुसऱ्या विकराचा प्रभाव वाढतो, न आंबणारी द्रव्ये मागे राहतात आणि पेय दाट, किंचित गोडसर लागते. पंचाहत्तरीच्या पुढे विकरे झपाट्याने निकामी होतात, तर तापमान फार खाली घसरले, की रूपांतर रेंगाळते. म्हणजे दोन-चार अंशांच्या फरकानेही बिअरचे स्वरूप बदलू शकते. शेगडीवरच्या पातेल्यात तापमान स्थिर राखणे कटकटीचे असते; चांगली शीतपेटी मात्र तासाभरात जेमतेम एक-दोन अंश गमावते.

पेटी निवडताना

पहिला प्रश्न आकारमानाचा. ब्रिटनमधील घरगुती बिअरचा प्रचलित घाणा २३ लिटरचा, म्हणजे तेथील पाच गॅलनांचा असतो. त्यासाठी साधारण पाच किलो मॉल्ट लागते. किलोमागे अडीच लिटर या प्रमाणाने साडेबारा लिटर पाणी झाले. भिजलेले धान्य किलोमागे पाऊण लिटरपेक्षा थोडी कमी जागा व्यापते. म्हणजे एकूण मिश्रण सुमारे सोळा लिटर भरते. ढवळण्यासाठी आणि अधिक कडक बिअरसाठी लागणाऱ्या जादा धान्यासाठी जागा सोडली, तर २५ ते ३० लिटरची पेटी योग्य ठरते. फार मोठी पेटी घेण्याचा मोह टाळावा. तिच्यात धान्याचा थर पातळ पसरतो आणि वरच्या मोकळ्या हवेत उष्णता वाया जाते.

दुसरी गोष्ट आतल्या अस्तराची. बर्फासाठी बनविलेले प्रत्येक प्लॅस्टिक कढत पाणी सोसेलच असे नाही. स्वस्त पेट्यांचे पातळ अस्तर उष्णतेने फुगते, वाकते. खाद्यपदार्थांसाठी योग्य असलेले जाड पॉलिएथिलिन अथवा पॉलिप्रॉपिलिन हवे. उघड्या थर्माकोलच्या आणि वीजेवर चालणाऱ्या पेट्या या कामाच्या नाहीत.

तिसरी गोष्ट झाकणाची. अनेक पेट्यांच्या भिंतींत फोम भरलेला असतो. झाकण मात्र आतून पोकळच असते. बोटाने वाजवून पाहिले, तरी फरक कळतो. अशा झाकणाला लहान छिद्रे पाडून त्यात फुगणारा फोम थोडा थोडा भरता येतो. एकदम भरल्यास झाकण फुगून वाकडे होते.

गोल की चौकोनी, हा वाद हौशी मंडळींत रंगतो. गोल पेटीत धान्याचा थर खोल राहतो, चौकोनी पेटी स्वस्त आणि सहज मिळणारी असते. दोन्हींत उत्तम बिअर होते. मात्र खालच्या बाजूला पाणी काढण्याचे बूच असलेली पेटी मिळाली, तर निम्मे काम आधीच झाले असे समजावे.

रूपांतराची कृती

बूच असल्यास ते काढून त्याच छिद्रात तोटी बसवावी. नसल्यास तळाच्या शक्य तितके जवळ, जोडाच्या मापाचे गोल छिद्र पाडावे. आतून आणि बाहेरून उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या घालून जोड आवळावा. येथे दोन चुका हमखास होतात. भिंत दुहेरी आणि मऊ असल्याने जोर लावून आवळल्यास ती दबते आणि चकती नीट बसत नाही. यावर उपाय म्हणजे भिंतीच्या जाडीएवढा नळीचा तुकडा छिद्रात आधार म्हणून घालणे. दुसरी चूक आतल्या बाजूची गळती दुर्लक्षिण्याची. गोड द्राव फोममध्ये झिरपला, की तो आंबतो आणि पेटीला कायमची दुर्गंधी येते. गळती बाहेर दिसत नसल्याने हा दोष उशिरा लक्षात येतो.

तोटी स्टेनलेस स्टीलची घ्यावी. पितळेत बहुधा शिशाचा अंश असतो, तसेच शिसेमिश्रित डाखही पूर्णपणे टाळावा.

आता गाळणी. ब्रिटनमध्ये नळकामाची १५ मिलिमीटरची तांब्याची नळी कोणत्याही दुकानात मिळते. तिचे तुकडे जोडून पेटीच्या तळाच्या मापाची चौकट करावी आणि करवतीने नळीच्या निम्म्या जाडीपर्यंत ओळीने चिरा पाडाव्यात. चिरांची बाजू खाली ठेवावी, म्हणजे भरड त्यांत अडकत नाही आणि तळाशी द्राव कमी उरतो. चौकटीचे सांधे केवळ घट्ट बसविले तरी पुरते, डाख लागत नाही. उलट धुण्यासाठी ते सुटे करता येतात. याहून सोपा पर्याय म्हणजे लवचीक पाण्याच्या नळीवरचे स्टेनलेस स्टीलचे विणलेले आवरण. आतली रबरी नळी ओढून काढायची, आवरणाचे एक टोक दुमडून बंद करायचे आणि दुसरे तोटीला जोडायचे.

धान्य घालण्याआधी ऐंशी अंशांचे पाणी भरून तासभर परीक्षा घ्यावी. त्यातून गळती कळते आणि पेटी किती उष्णता गमावते, हेही समजते.

प्रत्यक्ष वापर

पेटी थंड असेल, तर ती पहिल्या दहा मिनिटांतच कित्येक अंश गिळते. म्हणून आधी कढत पाण्याने तिला तापवून घेतात. नंतर धान्याचे गणित. वीस अंशांचे धान्य ६६ अंशांवर आणायचे, तर वरील प्रमाणात पाणी सुमारे साडेत्र्याहत्तर अंशांचे लागते. धान्य हळूहळू घालून ढवळावे, गुठळी राहू देऊ नये. कोरड्या राहिलेल्या गुठळीतील पिष्ट तसेच वाया जाते.

तासाभराने तोटी किंचितच उघडतात. पहिले काही लिटर गढूळ येतात, ते अलगद पुन्हा वरून ओततात. धान्याचीच टरफले गाळणीचे काम करू लागली, की द्राव नितळ येतो. तोटी एकदम सोडली, तर थर दबून प्रवाह तुंबतो. भिजलेले धान्य किलोमागे सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवते. त्यामुळे साडेबारा लिटरपैकी साडेसात लिटरच हाती लागते. उरलेली साखर धुऊन काढण्यासाठी साधारण ७५ अंशांचे पाणी दोन वेळा घालतात. हे पाणी फार तापविल्यास टरफलांतील तुरटपणा उतरतो.

काम संपताच चोथा काढून पेटी धुवावी आणि झाकण उघडे ठेवून वाळवावी. वर्ट पुढे तासभर उकळला जात असल्याने पेटी निर्जंतुक करण्याची गरज नसते. स्वच्छता मात्र हवीच. कढत पाणी उचलताना पेटी जमिनीवर नव्हे, भक्कम टेबलावर आधीच ठेवलेली असावी आणि लहान मुले दूर असावीत.

लाखो रुपयांच्या यंत्रसामग्रीने मद्यनिर्मिती प्रकल्पांत जे साधले जाते, त्याचे मूळ तत्त्व एका सहलीच्या पेटीत मावते. धान्याला योग्य तापमान आणि तासभराची उसंत मिळावी, एवढीच त्याची मागणी आहे. पेटी निवडताना आणि जोड आवळताना दाखविलेली काळजी शेवटी पेल्यातच उतरते.