जनमत चाचणी : प्रश्न कोणता, विचारला कोणाला?

"इथेच दुखतं ना?" असे विचारले की रुग्ण बहुधा मान डोलावतो, "कुठे दुखतं?" असे विचारले, तर त्याचे बोट कधी कधी भलतीकडेच जाते. आपणा वैद्यकीय मंडळींना हे नवे नाही. निवडणुकीच्या जनमत चाचण्या मी याच नजरेने वाचतो. "धंदा बसला असताना आपण सरकारला मत देणार का?" या प्रश्नातच उत्तर दडलेले असते.

निवडीचा दोष मात्र याहून खोल. जुलै २०१७ मध्ये जीएसटीच्या निषेधार्थ आपल्या सुरतेतील कापडबाजार बंद होते. त्या वेळी रिंगरोडवर उभे राहून कौल घेणाऱ्यास सत्तापालट अटळ वाटला असता. डिसेंबरात जिल्ह्यातील १६ पैकी १५ जागा भाजपला मिळाल्या! बाजार म्हणजे अवघे सुरत नव्हे. शिवाय उधना-लिंबायतकडे भेटणाऱ्या कित्येक परप्रांतीय कामगारांचे नाव मतदारयादीत असते ते गावी.

नमुना मोठा घेतल्याने हा दोष जात नाही. १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट'ने वीस लाखांहून अधिक उत्तरे जमवून लँडन यांचा विजय वर्तविला. ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोन व मोटारधारकांचे होते, आणि काळ मंदीचा. केवळ रुग्णालयात दाखल झालेल्यांवरून दोन विकारांचा संबंध जोडू पाहिल्यास तो आभासी ठरू शकतो, हे डॉ. जोसेफ बर्क्सन यांनी १९४६ मध्ये दाखविले, दोष तोच.

म्हणून आकड्यांपूर्वी मी प्रश्नाचे मूळ शब्द शोधतो आणि उत्तर नाकारणारे किती, हेही. दुसरी माहिती वृत्तपत्रांत क्वचितच छापलेली असते.