बटाट्याची लागण व लावणी-यंत्र

पुणें जिल्ह्यांतील खेड-आंबेगांव भागांत बटाटा पावसाळी व रब्बी अशा दोन्ही हंगामांत होतो. मजूर मिळेनासे झाल्यामुळें ट्रॅक्टरमागील लावणी-यंत्र गेल्या रब्बींत आम्हीं भाड्यानें आणविलें. एकाच फेरींत सरी पाडणें, बेणें टाकणें व वरंबा चढविणें होतांना पाहून संतोष वाटला. परंतु उगवणीनंतर ओळींत हात हात लांबीचे नांगे दिसले!

दोष निम्मा चालकाच्या घाईचा. भाडें एकरावर ठरलेलें, तेव्हां घाई असणारच. निम्मा आमचा. साखळीवरील प्रत्येक वाटींतून एकच बेणें पडावयाचें असतें. फोड लहान असल्यास दोन जातात, मोठी असल्यास वाटी रिकामी राहते. आम्हीं बेणें न निवडतांच पेटींत ओतलें होतें. शिवाय लांब आलेले मोड आंत मोडले.

तरी ४० ते ५० ग्रॅमचें, दोन-तीन डोळ्यांचें एकसारखें बेणें निवडावें. कापलेलें असल्यास जखम सुकूं द्यावी. पावसाळ्यांत अखंडच लावावें, फोडी सडतात. पहिली सरी होतांच यंत्र थांबवून माती उकरून पाहावी. सुमारें २० सेंटीमीटर अंतर भरलें तरच पुढें जाऊं द्यावें. चालक कुरकुरेल, कुरकुरूं द्यावें.