करेलियन बेअर डॉग: अस्वलाला रोखणारा कुत्रा घरात सांभाळणं इतकं अवघड का?

नराचं वजन २५ ते २८ किलो, खांद्यापर्यंतची उंची ५७ सेंटिमीटरच्या आसपास. मादी आणखी लहान, २० किलोच्या आतली. म्हणजे आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या लॅब्रॅडॉरपेक्षा हा कुत्रा हलकाच भरतो. काळंभोर अंग, चेहऱ्यावर, छातीवर आणि पायांवर पांढरे पट्टे, ताठ कान, पाठीवर वळलेली शेपूट. फोटो पाहून कुणालाही तो घरी आणावासा वाटेल. पण उत्तर युरोपातल्या जंगलात हाच कुत्रा दोनशे किलोंच्या तपकिरी अस्वलासमोर एकटा उभा राहतो आणि भुंकून भुंकून त्याला जागीच खिळवून ठेवतो.

या कुत्र्याचं नाव करेलियन बेअर डॉग. फिनलंडमध्ये तो बऱ्यापैकी आढळतो, बाहेरच्या जगात मात्र दुर्मीळ आहे. त्याच्यासोबत राहणाऱ्यांना रोज एक गोष्ट अनुभवायला मिळते: जंगलात ज्या गुणांसाठी त्याचं कौतुक होतं, तेच गुण घरात आणि शहरात डोकेदुखी ठरतात.

हा कुत्रा आला कुठून?

करेलिया हा फिनलंड आणि रशियाच्या सीमेवरचा प्रदेश. लाडोगा सरोवराच्या आसपासच्या खेड्यांत हे काळे-पांढरे कुत्रे पूर्वीपासून होते. त्यांचं मूळ उत्तर रशियातल्या कोमी लोकांच्या कुत्र्यांमध्ये आहे, असं मानलं जातं. खार असो वा अस्वल, सगळ्याच शिकारीला ते चालायचे. १९३६ मध्ये फिनलंडमध्ये त्यांची पद्धतशीर पैदास सुरू झाली. मोठ्या जनावरांवर भुंकणारा दणकट कुत्रा तयार करायचा, हा उद्देश होता.

तीनच वर्षांत युद्ध आलं. सोव्हिएत संघाशी झालेल्या दोन युद्धांत फिनलंडने करेलियाचा मोठा भाग गमावला आणि चार लाखांच्या आसपास माणसांना घरदार सोडून पश्चिमेकडे यावं लागलं. अशा पळापळीत कुत्र्यांकडे कोण बघणार? युद्धानंतर या जातीचे जेमतेम चाळीसेक कुत्रे पैदाशीसाठी हाती लागले. १९४५ मध्ये जातीचे निकष ठरले, १९४६ मध्ये पहिली नोंदणी झाली. आजचे सगळे करेलियन बेअर डॉग त्या मूठभर कुत्र्यांचे वंशज आहेत.

इतक्या लहान गटातून जात वाढली की काही आनुवंशिक आजारही सोबत येतात. या जातीत काही पिल्लांची वाढ खुंटते, ती बुटकी राहतात. त्यामागचा जनुकीय दोष हेलसिंकीच्या संशोधकांनी शोधून काढला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. असा दोष कळला की कोणत्या दोन कुत्र्यांची जोडी जमवायची नाही, हे चाचणी करून आधीच ठरवता येतं.

तो शिकार कशी करतो?

नावात अस्वल असलं तरी फिनलंडमध्ये या कुत्र्याचं मुख्य काम मूस शोधण्याचं आहे. मूस म्हणजे हरणांच्या कुळातलं सर्वांत मोठं जनावर, उंचीला घोड्याच्याही वरचढ. त्यांची संख्या वाढली की कोवळी झाडं ओरबाडली जातात आणि रस्त्यावर मोटारींना धडका बसतात. त्यामुळे दर शरदात परवान्याने हजारो मूस मारले जातात आणि गावातल्या शिकार मंडळात मांसाची वाटणी होते.

आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत हाकारे जनावराला शिकाऱ्याकडे पिटाळत आणतात. इथे उलट आहे. शिकारी कुत्र्याला मोकळा सोडतो आणि थांबतो. कुत्रा एकटाच, आवाज न करता, किलोमीटरभर किंवा त्याहूनही लांब जाऊन माग काढतो. मूस सापडला की तो भुंकायला लागतो. अंगावर धावून जात नाही, फार लांबही राहत नाही. मूसला हा प्राणी त्रासदायक वाटतो, पण पळून जावं इतका भीतीदायक वाटत नाही. म्हणून तो थांबून कुत्र्याकडे तोंड करून उभा राहतो. शिकारी तो आवाज ऐकत, वाऱ्याच्या उलट दिशेने, दबक्या पावलांनी जवळ येतो. याला कधी अर्धा तास लागतो, कधी काही तास. मूस पळालाच तर कुत्रा मागे जाऊन त्याला पुन्हा थांबवतो.

एवढा सगळा वेळ मालक नजरेआड असतो. हुकूम द्यायला कुणी नसतं. पुढे जायचं की मागे सरायचं, हे कुत्र्यालाच ठरवावं लागतं. घाबरून मालकाकडे परत येणारा कुत्रा या कामाला उपयोगाचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या अशीच निवड होत गेली.

आता तोच कुत्रा घरी आणा

मालकाने हाक मारली आणि समोरून एखादा ससा गेला, तर हा कुत्रा कुणाचं ऐकेल, हे वेगळं सांगायला नको. त्याला हुकूम कळत नाही असं नाही, कळून तो आपला निर्णय घेतो. म्हणून रस्त्यावर किंवा बागेत त्याला दोरीशिवाय सोडता येत नाही. फिनलंडमध्ये तर कायद्यानेच १ मार्च ते १९ ऑगस्ट या काळात कुत्रे मोकळे सोडायला बंदी आहे, कारण तो जंगली प्राण्यांचा विणीचा काळ असतो. म्हणजे जवळपास अर्धं वर्ष हा शिकारी कुत्रा दोरीला बांधलेला. त्या काळात मालकच त्याच्यासोबत धावतो नाहीतर सायकलला बांधून पळवतो. तासभर संथ फेरफटक्याने त्याचं भागत नाही. मग अंगणात खड्डे पडतात, कुंपणाखालून वाट निघते आणि भुंकणं थांबत नाही. भुंकण्यासाठीच तर त्याला घडवलं आहे.

दुसरी अडचण इतर कुत्र्यांची. माणसांशी तो आक्रमक नसावा, अशी जातीच्या निकषांतच अट आहे आणि घरच्यांशी तो बहुधा प्रेमानेच वागतो. मात्र दुसऱ्या कुत्र्यांशी, विशेषतः समलिंगी कुत्र्यांशी, त्याचं पटेलच असं नाही. त्यामुळे घराच्या राखणीसाठी त्याला आणणाऱ्यांचीही निराशा होऊ शकते. अनोळखी माणूस आला की तो वर्दी देईल, पण माणसावर तुटून पडणं हे त्याचं काम नाही.

जंगलातला धोका आणखी वेगळा. पूर्व फिनलंडमध्ये लांडगे आहेत आणि एकट्या भुंकणाऱ्या कुत्र्यापर्यंत ते सहज पोचतात. असे शिकारी कुत्रे मारले जाणं हा तिथे वर्षानुवर्षं धुमसणारा विषय आहे. शिकारी लांडग्यांच्या ताज्या पाऊलखुणा पाहूनच कुत्रा सोडतात, गळपट्ट्याला जीपीएस लावतात, काही जण संरक्षक जाकीटही घालतात. फोनच्या नकाशावर हलणारा ठिपका अचानक थांबला की मालकाच्या पोटात गोळा येतो.

अस्वलाला वाचवणारा कुत्रा

अस्वलाच्या शिकारीसाठी घडवलेल्या या कुत्र्याला अमेरिकेत वेगळंच काम मिळालं. कचऱ्यातलं अन्न खायची चटक लागलेलं अस्वल वस्तीत पुन्हा पुन्हा येतं आणि शेवटी त्याला गोळी घातली जाते. कॅरी हंट या अस्वल-अभ्यासक महिलेने १९९६ मध्ये ‘विंड रिव्हर बेअर इन्स्टिट्यूट’ स्थापन केली आणि अशा अस्वलांना हुसकावण्यासाठी करेलियन बेअर डॉग वापरायला सुरुवात केली. पिंजऱ्यात पकडलेलं अस्वल दूर नेण्याऐवजी तिथेच सोडायचं आणि सुटताक्षणी कुत्र्यांचं भुंकणं, माणसांचा आरडाओरडा आणि रबरी गोळ्या असा मारा करायचा. ही जागा माणसांची, इथे त्रास होतो, हे अस्वलाच्या डोक्यात बसावं म्हणून. पण कचऱ्याचे डबे उघडेच राहिले तर कुत्रा कितीही भुंकला तरी उपयोग नाही.

याच संस्थेकडून हे कुत्रे जपानमधल्या कारुइझावा या थंड हवेच्या ठिकाणी गेले. तिथे ‘पिक्कियो’ ही संस्था अस्वलांना रेडिओ कॉलर लावून रात्री त्यांचा माग ठेवते आणि वस्तीजवळ आलेल्या अस्वलांना कुत्र्यांच्या मदतीने जंगलात परतवते. अस्वलाला उघडता येणार नाहीत असे कचऱ्याचे डबेही तिथे बसवलेले आहेत.

मग महाराष्ट्रात का नको?

विदर्भात मोहफुलं किंवा तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्यांवर अस्वलांचे हल्ले होतात, त्यामुळे हा प्रश्न सुचणं स्वाभाविक आहे. पहिलं कारण उघड आहे. दाट दुहेरी केसांचा हा कुत्रा चंद्रपूरच्या उन्हाळ्यात टिकणं कठीण. पण मुख्य कारण अस्वलाच्या स्वभावात आहे. अमेरिकेतलं काळं अस्वल धोका वाटला की बहुतेक वेळा पळतं, झाडावर चढतं. वाघाच्या शेजारी राहणारं आपल्याकडचं अस्वल जवळून दचकलं तर उलट अंगावर येतं. हे हल्लेही बहुतेक जंगलात अचानक समोरासमोर आल्याने होतात. तिथे मोकळा कुत्रा अस्वलाला डिवचून मालकाकडे पळत आला, तर पाठोपाठ अस्वलही मालकापर्यंत येतं.